जीव लागणं आणि जीव टांगणीला लागणं

"काळजी" हा मराठीतला फार कामाचा शब्द आहे, आणि प्रेमाच्या बाबतीत तोच आपला घोटाळा करतो. काळजी घेतात आणि काळजी करतात. क्रियापद बदललं की अर्थ पार बदलतो, पण बोलताना दोन्ही एकाच पिशवीत जातात. आईला ताप आलाय म्हणून वेळेवर गोळी देणं, ही घेतलेली काळजी. ती जरा झोपली असताना दर दहा मिनिटांनी हलवून "आता बरं वाटतंय काय?" विचारणं, ही केलेली काळजी. पहिलीत लक्ष तिच्या तापाकडे असतं, दुसरीत आपल्याच पोटातल्या गोळ्याकडे. दोन्ही वेळा माणूस तळमळीनंच वागत असतो, म्हणून आतून फरक कळत नाही.

प्रेमाच्या नात्यातल्या या दुसऱ्या प्रकाराला मानसशास्त्रात अँक्शस अटॅचमेंट म्हणतात. इथे आपण तिला धास्तीची ओढ म्हणू. एक गैरसमज आधीच काढून टाकायला हवा: धास्तीची ओढ म्हणजे खोटं प्रेम नव्हे. बहुतेक वेळा प्रेम आणि धास्ती एकाच माणसात, एकाच संध्याकाळी हजर असतात. त्यामुळे "माझं प्रेम खरं आहे का?" या प्रश्नाशी झटून फारसं हाती लागत नाही. "आत्ता माझ्या तोंडून प्रेम बोलतंय की धास्ती?" हा प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर मिळू शकतं.

समजा, ती कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि तो पुण्याला हिंजवडीत नोकरीला आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचला तो स्वारगेटहून एसटीत बसला आणि म्हणाला, "कराडला पोचलो की मेसेज टाकतो." साडेनऊ झाले, मेसेज नाही. फोन लावला तर बंद. रात्रीची वेळ, महामार्गावरची गाडी, इथपर्यंत कुणाचाही जीव खालीवर होईल. त्यात आजार वगैरे काही नाही. दहा वाजून दहा मिनिटांनी अनोळखी नंबरवरून त्याचा फोन येतो: "बॅटरी गेली होती गं. कावळा नाक्याला उतरलोय." आपल्याला हवी ती माहिती यानंतरच्या दहा मिनिटांत मिळते.

एक शक्यता अशी, की तिचा जीव भांड्यात पडतो. ती चिडतेही, "मग शेजारच्याचा फोन घेऊन एवढं सांगायचं की!" म्हणते, तो "चुकलं" म्हणतो, "जेवलास काय?" असं विचारून विषय संपतो आणि रात्री तिला झोप लागते. दुसरी शक्यता अशी: "कुणाचा नंबर आहे हा? मागं बाईचा आवाज कसला आला? मुद्दाम बंद केलास न्हवं?" तो उत्तरं देतो. पाच मिनिटं बरं वाटतं. मग नवा प्रश्न. "असा तुटक का बोलालायस?" रात्री एक वाजता, "तुला मी खरंच पाहिजे काय, एकदाच सांग." तो सांगतो, आणि तरीही शनिवारची रंकाळ्यावरची सगळी भेट त्या बॅटरीतच जाते.

धास्ती दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो फोन आल्यानंतर.

ताटातुटीपेक्षा भेटीकडे बघा

फोन आल्यानंतरची ही जागा शास्त्रीय निरीक्षणात पकडली ती मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी, बाळांच्या बाबतीत. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचं म्हणणं असं होतं, की लेकराची आईशी असलेली ओढ केवळ दुधापोटी नसते, जवळ कुणीतरी भरवशाचं असणं ही जगण्याचीच गरज आहे. एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आई-बाळांच्या घरी जाऊन निरीक्षणं केली. बाल्टिमोरमध्ये २६ कुटुंबं होती आणि बाळाच्या पहिल्या वर्षभर त्या घरांत नियमित भेटी झाल्या. त्यानंतर साधारण वर्षाच्या बाळांसाठी त्यांनी एक प्रयोग बेतला. एक खोली, थोडी खेळणी, आई, बाळ आणि एक अनोळखी बाई. एकंदर ८ टप्पे, बहुतेक टप्पे ३ मिनिटांचे, सगळं मिळून वीसेक मिनिटांत आटोपणारं. त्यात आई दोनदा बाहेर जाते आणि दोनदा परत येते.

आई गेल्यावर बरीच बाळं रडतात. रडण्यावरून फारसं काही ठरत नाही. खरी नोंद आई परत आल्यावरची. काही बाळं आईला बिलगतात, शांत होतात आणि थोड्या वेळात पुन्हा खेळण्यांकडे वळतात. ही सुरक्षित ओढीची बाळं. काही बाळं कडेवर घ्या म्हणून हात पसरतात आणि घेतल्यावर लाथा झाडतात, चिकटतात आणि ढकलतातही. आई आली तरी त्यांना ती पुरत नाही आणि खेळ तसाच पडून राहतो. ही धास्तीची ओढ. तिसरी तऱ्हा आई आली काय, गेली काय, तिकडे न बघणाऱ्यांची. ही बाळं वरून शांत दिसतात, पण पुढच्या अभ्यासांत त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा तेही वाढलेले निघाले.

घरच्या निरीक्षणांत आणखी एक गोष्ट दिसली होती. धास्तावलेल्या बाळांच्या आया दुष्ट नव्हत्या की निष्काळजीही नव्हत्या. त्यांचा प्रतिसाद बेभरवशाचा होता: कधी रडल्याबरोबर उचललं, कधी कितीही रडलं तरी नाही. अशा बाळानं काय शिकावं? आवाज मोठा ठेवायचा आणि आई आली तरी सोडायची नाही, कारण पुढची खात्री नाही.

इथे थांबून एक सांगायला हवं, कारण याचा अर्थ लोक "सगळं आईमुळे" असा लावतात. तो चुकीचा आहे. बाळपणीचा हा नमुना आणि मोठेपणीचं प्रेम यांच्यातला दुवा पुढच्या दीर्घ अभ्यासांत बराच सैल निघाला. जन्मजात स्वभाव, मधल्या काळातले आघात, आधीच्या नात्यात झालेली फसवणूक, आणि आत्ता समोर असलेला जोडीदार, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. हाच प्रयोग जपानमध्ये केला तेव्हा धास्तावलेली बाळं अधिक निघाली, आणि त्यामागे एक साधं कारण होतं: तिथली बाळं आईपासून क्वचितच वेगळी होत, त्यामुळे ती खोली त्यांना फारच जड गेली. आजी-काकूंच्या कडेवर वाढणाऱ्या आपल्या लेकरांवरही परदेशातली चिठ्ठी जशीच्या तशी चिकटवू नये.

एन्सवर्थ यांची आणखी एक कल्पना फार उपयोगी आहे. रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर दीड-दोन वर्षांचं पोर बघा. आई बाकावर बसलेली. पोर दहा पावलं पळतं, वळून बघतं, आई आहे हे दिसलं की आणखी पंधरा पावलं पळतं. आई उठून दिसेनाशी झाली तर त्याचं पळणं तिथंच थांबतं. म्हणजे ओढ पक्की असली की लेकरू लांब जाऊ शकतं. मोठ्यांच्या प्रेमातही हेच पाहायचं: या माणसामुळे माझी पावलं लांब जातात, की मी वळून बघण्यातच अडकलोय?

मोठ्यांच्या प्रेमाला हा विचार लावला तो सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी, १९८७ साली. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रश्नावली छापली आणि आलेली ६२० उत्तरं तपासली. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी सुरक्षित वर्णन निवडलं, साधारण पाचातल्या एकानं धास्तीचं, उरलेल्यांनी अंतर राखण्याचं. आता संशोधक माणसांना अशा कप्प्यांत घालत नाहीत. सोडून जाण्याची धास्ती किती आणि जवळिकीचा संकोच किती, अशा दोन पट्ट्यांवर माणूस कुठे बसतो ते मोजतात. जागा प्रत्येकाची थोडी वेगळी असते आणि ती सरकते. हे सरकणं महत्त्वाचं, कारण पुढचे उपाय त्याच भरवशावर आहेत.

धास्ती वाढते कशी

धास्तीच्या ओढीचं चक्र ठरावीक असतं. आधी एखादी खूण दिसते: दोन निळ्या टिका, उत्तर नाही. डोक्यात घंटा वाजते. मग शोध सुरू होतो: लास्ट सीन, इन्स्टाग्रामवर कुणाला लाइक केलंय, मित्राला "तो तुझ्याबरोबर आहे काय?" शोधातून काही हाती लागलं नाही की निषेध: अकरा मिस्ड कॉल, टोमणा, अबोला, ब्लॉक, किंवा "बघू, मी फोन केला नाही तर हा करतोय का" अशी परीक्षा. शेवटी समोरून उत्तर येतं आणि पोटातला गोळा सुटतो.

सगळी गोम त्या सुटण्यात आहे. मेंदूला धडा मिळतो की तपासलं, भांडलं, म्हणून बरं वाटलं. पुढच्या वेळी घंटा आणखी लवकर वाजते. खाजेचं असंच असतं. खाजवल्यावर क्षणभर बरं वाटतं आणि चट्टा वाढतो. म्हणून दिवसातून दहादा "माझं तुझ्यावर प्रेम आहे" ऐकूनही धास्ती भरून निघत नाही.

समोरचा माणूस कधी भरभरून बोलणारा आणि कधी तीन-तीन दिवस गायब राहणारा असेल, तर चक्र आणखी घट्ट होतं. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली कबुतरांवरचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत दाणा कधी मिळेल याचा नेम नसलेली कबुतरं चोच मारत राहिली, आणि दाणा थांबल्यावरही त्यांचं चोच मारणं लवकर थांबलं नाही. माणसाच्या बाबतीत त्या नेम नसण्यालाच आपण "काय वेड लावलंय यानं" म्हणतो. छातीतली धडधड प्रेमाच्या मापाची असते असं आपल्याला चित्रपटांनी पटवून दिलंय. धडधड अनिश्चिततेनंही तितकीच होते, किंबहुना अधिक.

ओळखायचं कसं

पहिली आणि सर्वांत भरवशाची खूण वर आलीच: मिळालेलं उत्तर पचतं का? काहीही नवं घडलेलं नसताना तोच प्रश्न एका दिवसात तिसऱ्यांदा तोंडात आला, तर बोलणारी धास्ती आहे असं धरून चालावं. प्रश्नाचे शब्द बदललेले असतील. "रागावलायस काय?", "गप्प का आहेस?", "कंटाळलास न्हवं मला?" हे तीन वेगळे प्रश्न नाहीत.

दुसरी खूण आमच्या मते सर्वांत डोळे उघडणारी. कागद घ्या आणि लिहा: या आठवड्यात त्याला किंवा तिला कसली काळजी आहे? अट एकच, उत्तरात "मी" येता कामा नये. शिरोलीतल्या कारखान्यात पाळी बदलली आहे, वडिलांची साखर वाढलीय, ऊस तोडीला आलाय पण टोळीच मिळत नाही, परीक्षेचा अर्ज भरायचा राहिलाय. अशी चार-पाच वाक्यं सहज आली तर समोरचा माणूस आपल्याला दिसतो आहे. पेन अडलं आणि डोक्यात फक्त "तो माझ्याशी नीट बोलत नाही", "तिला मी नकोसा झालोय" एवढंच येत राहिलं, तर आपलं सगळं लक्ष त्याच्या मनातल्या आपल्या जागेवर खिळलंय. मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९ साली या झपाटलेपणाला लिमरन्स असं नाव दिलं. त्यात माणूस चोवीस तास दुसऱ्याचा विचार करतो आणि तरी त्या दुसऱ्याविषयी त्याला फार कमी माहीत असतं.

तिसरी, त्यांच्या चांगल्या बातमीवर आपण काय करतो. तिची बंगळुरूला निवड झाली. पोटात धस्स होणारच. पहिला क्षण मोजू नका. रात्रीपर्यंत तोंडून काय निघालं ते मोजा. "भारी झालं, आता भेटायचं कसं ते ठरवू" आणि "म्हणजे मला सोडून जायचं ठरवलंयस तर" यांतलं अंतर सांगायची गरज नाही.

चौथी, आपला आठवडा. हे नातं जुळायच्या आधी आठवड्यात कुठे-कुठे जात होता, ते आठवून लिहा: पहाटेची तालीम, मैत्रिणीबरोबर महाद्वार रोडवरची चक्कर, वाचनालय, गल्लीतल्या मंडळाचं काम. त्यातलं काय उरलं? नव्या नात्यात पहिले दोन-तीन महिने सगळ्यांचंच थोडं सुटतं. सहा महिन्यांनीही सगळं बंदच असेल, आणि बंद का, तर "तेवढ्यात त्याचा फोन आला तर?", मग पावलं आखडली आहेत.

पाचवी खूण लपलेली असते: "नाही" म्हणता येतं का? रविवारी जोतिबाला जायचा कंटाळा आलाय, पण नाही म्हटलं तर दुरावेल या भीतीनं आपण गाडीवर बसतो. हे प्रेमळपणासारखं दिसतं. चार महिन्यांनी भांडणात "मी तुझ्यासाठी काय काय केलं" ही यादी निघते, तेव्हा समोरच्याला धक्का बसतो, कारण त्यानं ते मागितलेलंच नव्हतं.

आणि "पझेसिव्ह आहे म्हणजे जीव आहे" हे एकदाचं टाकून द्यावं. कपडे, मित्र, फोनचा पासवर्ड यांवर पहारा बसवणं हे धास्तीतून सुरू झालं तरी समोरच्यावर होणारा परिणाम जबरदस्तीचाच असतो.

घंटा खरी असेल तर

आता उलट बाजू, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. धास्ती वाटते म्हणून दोष आपल्यातच, असं नसतं. कधी समोरचा खरोखर बेभरवशाचा असतो, आणि "तू फार ओव्हरथिंक करतेस" म्हणून आपली घंटाच खोटी ठरवतो.

हे तपासायला चार आठवडे शब्दांचा हिशेब ठेवा. भावनांचा नको, फक्त दिलेल्या शब्दांचा. "नऊला फोन करतो", "रविवारी भेटू", "या महिन्यात घरी सांगतो". समोर लिहा: झालं, झालं नाही, किंवा झालं नाही पण आधी कळवलं. दहांतले आठ-नऊ शब्द पाळले गेले किंवा वेळेत कळवले गेले, आणि तरी रोज रात्री पोटात गोळा येतो, तर घंटा नाजूक झालीय. काम आपल्यावर करायचं. दहांतले तीन-चारच पाळले गेले, तर घंटा बरोबर वाजतेय. श्वासाचे व्यायाम करून ती बंद करू नका. हा ठोकताळा आहे, मोजपट्टी नव्हे, पण भांडणाच्या भरात आठवलेल्या गोष्टींपेक्षा खूप प्रामाणिक. आणखी एक तपासणी: आधीच्या नात्यात, मैत्रीत, भावंडांशीही हीच धास्ती होती का? फक्त याच माणसाबरोबर असेल, तर त्या माणसाच्या वागण्याकडे नीट बघा.

आपल्याकडे तिसरी शक्यताही मोठी असते. नातं घरी माहीत नाही, जात वेगळी आहे, पन्हाळ्याला गेलं तरी कुणीतरी ओळखीचं दिसेल ही भीती. अशा नात्यात घंटा चोवीस तास वाजते आणि आपण तिचा दोष जोडीदाराला देतो. स्वतःला विचारा: उद्या दोन्ही घरांनी होकार दिला, तर यातली किती धास्ती उरेल? बहुतेक सगळी जाणार असेल, तर भांडण जोडीदाराशी नाही, परिस्थितीशी आहे, आणि दोघांनी एका बाजूला बसून ते सोडवायचं आहे. साखरपुडा ते लग्न या महिन्यांतही असंच होतं. तिकडून तुटक उत्तरं येतात आणि इकडे "हिला मी पसंत नाही" असा निष्कर्ष निघतो. तिकडे सोप्यात आजोबा, चुलते, पाहुणे बसलेले असतात आणि तिला "हूं" याच्यापलीकडे बोलायची सोयच नसते. "मोकळं कधी बोलता येईल?" एवढं विचारून वेळ ठरवली की अर्धा पेच सुटतो.

दोन आठवड्यांची वही

घंटा नाजूक झालीय असं ठरलं तर १४ दिवस एक वही ठेवा. फोनमधली नोट नको. फोन हातात आला की बोट लास्ट सीनकडेच जातं. पानावर पाच रकाने: वेळ, काय घडलं, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच ("८:४० ला मेसेज वाचला, उत्तर नाही"), मनानं काय म्हटलं ("नकोशी झालेय"), मी काय केलं, आणि धास्तीचा आकडा ० ते १०, तीनदा: त्या क्षणी, दहा मिनिटांनी, दोन तासांनी. तपासल्यावर किंवा भांडल्यावर दहा मिनिटांनी आकडा उतरतो आणि दोन तासांनी पुन्हा चढतो, हे स्वतःच्या अक्षरात दिसलं की ते कुणी पटवून द्यावं लागत नाही.

त्याचबरोबर थांबण्याचा सराव. घंटा वाजल्यावर लगेच काही पाठवायचं नाही. पहिले तीन-चार दिवस १० मिनिटं, मग २०, मग ४०. तेवढ्या वेळात पाच मिनिटं श्वास: नाकानं ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाची गती उतरते. उरलेली मिनिटं हातापायांना काम द्या. चालणं सर्वांत बरं. आडवं पडून छताकडे बघत वाट पाहणं सर्वांत वाईट.

व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये स्वतःचं लास्ट सीन आणि ऑनलाइन बंद केलं, की समोरच्याचंही आपल्याला दिसेनासं होतं. निळ्या टिकांचंही तसंच. दोघांनी बोलून हे करा. न सांगता केलंत तर समोरच्याच्या डोक्यात घंटा वाजेल.

इथे बहुतेकांचं बिनसतं ते पहिल्या आठवड्यात. तपासणं थांबवलं की धास्ती आधी वाढते. सवयीचं बक्षीस बंद झालं की सवय जाण्याआधी जास्त जोर करते, हे कबुतरांतही दिसतं आणि माणसांतही. आकडा ७ वरून ९ वर गेला म्हणून "मला जमत नाही" असं ठरवू नका. त्या दिवशी ४० मिनिटं जमली नाहीत तर १५ थांबा, पण शून्यावर परत जाऊ नका.

थांबून झाल्यावरही गरज उरली असेल तर ती सरळ मागा. घडलेली गोष्ट, वाटलेली भावना, आणि करता येण्याजोगी एक मागणी: "साडेनऊला फोन करतो म्हणालास आणि साडेदहा झाले, मला धास्ती वाटली. उशीर होणार असेल तर एक ओळ टाकत जा, तेवढं पुरे मला." यात "नेहमी" आणि "कधीच" हे शब्द आले की वाक्य बिघडतं. "तू मला कधीच वेळ देत नाहीस" याला उत्तर म्हणून माणूस आपला बचाव करतो. "एक ओळ टाक" याला उत्तर म्हणून एक ओळ टाकतो.

जोडीदारानं काय करावं

धास्तावलेल्या माणसाला मोठ्या शपथा लागत नाहीत, छोट्या आणि नेमक्या गोष्टी लागतात, त्याही मागायच्या आधी. "आयुष्यभर तुझाच" याच्यापेक्षा "आता मीटिंग आहे, सव्वानऊला बोलतो" हे औषध जास्त लागू पडतं, मात्र सव्वानऊला फोन व्हायला हवा. जमणार नसेल तर सव्वानऊच्या आधी कळवा, नंतर नव्हे.

एका प्रश्नाचं उत्तर एकदा, पूर्ण लक्ष देऊन, फोन बाजूला ठेवून द्या. तोच प्रश्न परत आला तर चिडू नका आणि नव्यानं पटवूही नका. "मघाशी सांगितलं तेच उत्तर आहे. आत्ता धास्ती बोलालीय. चल, एक चक्कर मारून येऊ." स्वर मऊ हवा, नाहीतर हेच वाक्य टोमणा होतं.

भांडण तापलं की एकाला पळावंसं वाटतं आणि दुसऱ्याला धरून ठेवावंसं. एक जितका मागे सरतो तितका दुसरा पुढे येतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांचे हृदयाचे ठोके मोजत त्यांची भांडणं अभ्यासली. ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला समोरचं धड ऐकूच येत नाही, आणि शरीर निवायला किमान २० मिनिटं लागतात, असं ते सांगतात. म्हणून उठून जाणं चूक नाही. न सांगता उठून जाणं मात्र धास्तावलेल्या माणसासाठी आगीत तेल आहे. "अर्ध्या तासानं परत येतो, मग बोलू" असं म्हणा आणि पंचविसाव्या मिनिटाला या.

हे सगळं करूनही झोप, जेवण, काम दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेलं असेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. जोडीदार "सोडलंस तर जिवाचं बरंवाईट करेन" म्हणाला तर ती धमकी आहे की वेदना, हे ठरवत बसू नका. त्याच्या घरच्यांना लगेच कळवा, तातडी असेल तर ११२ लावा. पण त्या भीतीनं नात्यात राहणं हा त्याच्यावरचा उपचार नाही. मुलीचा नकोसा पाठलाग करणं, तिच्या फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, मग करणारा प्रेमाचं नाव सांगो की काळजीचं. मारहाण, कोंडून ठेवणं सुरू असेल तर १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे.

वहीचं शेवटचं पान भेटीसाठी राखून ठेवा. शुक्रवारी रात्री तो कावळा नाक्याला उतरला, ती गाडी घेऊन न्यायला आली. पहिली दहा मिनिटं कुठलाही हिशेब काढायचा नाही, तक्रार खरी असली तरी. पाण्याची बाटली पुढे करायची, प्रवास कसा झाला ते ऐकायचं. तक्रारीसाठी शनिवारी सकाळी चहानंतरची वेळ तिथेच ठरवून टाकायची. रात्री झोपताना आकडा लिहायचा: तो दिसला त्या क्षणी किती होता, दहा मिनिटांनी किती, आणि घरी पोचल्यावर किती.